डिस्प्लेवर फ्रिक्वेन्सी, स्पीकरमध्ये नुसती खरखर

आधी लक्षणं. खालचं काही तुमच्या घरी बांधलेल्या रेडिओ मॉड्यूलशी जुळतंय का बघा.

• डिस्प्ले लागतो, एन्कोडर (केंद्र बदलायचं फिरतं बटण) फिरवला की आकडा पळतो, पण कुठंही थांबा, खरखर तीच.
• एफएम ठणठणीत, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह मुकी.
• लॅपटॉपच्या यूएसबीवर गुरगुर, बॅटरीवर शांत. किंवा बरोबर उलटं: यूएसबीवर तासन्‌तास वाजतं, बॅटरीवर थोड्याच वेळात मान टाकतं.
• आवाज वाढवला की 'फट्' आणि सामसूम. डिस्प्ले मात्र चालूच.
• एसएसबीचं, म्हणजे हौशी रेडिओवाले बोलतात त्या पद्धतीचं, बटण दाबलं की रेडिओ गप्प.
• सुरू करताच पडद्यावर 'रिसीव्हर सापडला नाही'.

मी बोलतोय ते एसआय ४७३२ किंवा ४७३५ या चिपवर बांधलेल्या रिसीव्हरबद्दल. एक चिप, घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, कंट्रोलर म्हणून एखादा प्रो मिनी नाहीतर ईएसपी ३२, बोटभर ओलेड डिस्प्ले, मीडियम वेव्हच्या अँटेनासाठी फेराइट रॉड आणि चार हात वायर. एवढ्या सामानात मीडियम वेव्ह, २.३ ते २६.१ मेगाहर्ट्झची शॉर्टवेव्ह आणि ६४ ते १०८ मेगाहर्ट्झचं एफएम येतं, आणि चिप स्वतः खाते सुमारे २० मिलीअँपिअर. म्हणून तर पोरं याच्या नादाला लागतात, आणि लागावंच.

सांगलीत माझं रिपेअरिंगचं टेबल आहे. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर सगळंच येतं, पण अलीकडं डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगची मुलं हे मॉड्यूल घेऊन येतात आणि पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं: "काका, चिप गेली काय ओ?" चिप सहसा गेलेली नसते. तिला पोटभर व्होल्टेज मिळत नसतं, नाहीतर शेजारी कोणीतरी इतकं बोंबलत असतं की तिला ऐकूच येत नाही. तेव्हा चिपला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. खालचा क्रम तसाच ठेवलाय. आधी जिथं पैसे लागत नाहीत ते, मग जिथं मीटर लागतो ते, आणि मग सोल्डरिंग.

फुकटात होणारी पहिली तपासणी: ऐकायचं तरी काय आणि कधी

दुपारी बारा वाजता खोलीत बसून शॉर्टवेव्हभर एन्कोडर फिरवणारे आणि 'काहीच येत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिवसा मीडियम वेव्हवर लांबचं केंद्र येत नाही, कारण वातावरणातला आयनांचा खालचा थर त्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तन सुरू होतं. म्हणून दिवसा जवळचं केंद्र लावायचं आणि लांबच्याची वाट रात्री बघायची. सांगलीत १२५१ किलोहर्ट्झवर आपली आकाशवाणी, रात्री ७९२ वर पुणे. एफएमला सातारकरांनी १०३.१ लावावं, आमच्याकडं कोल्हापूरचं १०२.७ धरून बघावं. कार्यक्रम सुरू असल्याची खात्री आधी घरातल्या जुन्या रेडिओवर करून घ्या. जुना रेडिओही गप्प असेल तर तुमच्या मॉड्यूलला बोल लावू नका.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. पडद्यावरचा आकडा म्हणजे कंट्रोलरनं चिपला दिलेला हुकूम. चिपनं तो ऐकला की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. चिप मेलेली असली तरी आकडा इमानदारीत पळतच राहतो. चिपची खरी खबर देतात ते दोन आकडे वेगळे: सिग्नलची ताकद आणि सिग्नल-गोंगाट प्रमाण. ते पडद्यावर आणायच्या दोन ओळी प्रोग्रॅममध्ये नसतील तर आजच घाला. पुढच्या प्रत्येक तपासणीत डोळे तिथंच लागणार आहेत.

दुसरी, तीही फुकट: पायरी ९ ची आहे की १० ची

ही चूक मी इतक्या वेळा दुरुस्त केलीय की आता मॉड्यूल हातात घ्यायच्या आधी प्रोग्रॅमच उघडतो. आपल्याकडं मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत. अमेरिकेत १०. उचललेला प्रोग्रॅम तिकडचा असेल तर तो ५२० वरून निघतो आणि दहा-दहानं उड्या मारतो. म्हणजे १२५० वर पोचतो, १२६० वर पोचतो, १२५१ वर कधीच नाही. एका किलोहर्ट्झनं हुकलेलं केंद्र लागतं खरं, पण दाताखाली खडा आल्यासारखं. फिल्टर अरुंद ठेवला असेल तर आणखीच वाईट.

मग कोणीतरी हुशारी करून पायरी ९ करतो आणि सुरुवात ५२० च ठेवतो. हे तर अजून वाईट. ५२० ला ९ नं भाग जात नाही, त्यामुळे ५२०, ५२९, ५३८ करत गेलात तर एकही केंद्र नेमकं सापडणार नाही. सुरुवात ५३१ ठेवा. ५३१ हा ९ चा ५९ पट, आणि १२५१ हा १३९ पट. मग सगळे डबे रुळावर.

एफएमला अशीच एक बारीक खोड आहे. आवाज येतो पण दबलेला, घोंगडीतून आल्यासारखा. चिपची मूळची डी-एम्फसिस (उंच स्वर दाबायचं प्रमाण) ७५ मायक्रोसेकंद असते, आपल्याला ५० लागते. एक ओळ बदलायची.

तिसरी: वायर काढा आणि घराचा मेन स्विच पाडा

मॉड्यूल यूएसबीवरून काढून बॅटरीवर लावा. लॅपटॉपला चार्जर जोडलेला असेल तर तोही उपटा. गुरगुर गेली तर गुन्हेगार चार्जर. त्याच्या आत काही दहा-शेकडो किलोहर्ट्झवर चालणारं स्विचिंग असतं आणि त्याचे पडसाद मीडियम वेव्हभर दर थोड्या अंतरावर उमटतात. स्वस्त चार्जरमध्ये ते अडवणारा फिल्टर वाचवलेला असतो.

बॅटरीवरही खरखर राहिली तर घरच्यांना सांगून दोन मिनिटं मेन स्विच पाडा. (सासूबाईंची मालिका संपल्यावर. अनुभवाचे बोल आहेत.) गोंगाट गेला तर तो घरातलाच. मग एकेक स्विच चालू करत जा. एलईडी बल्ब, सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडाप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर. कुठल्या बटणानं खरखर परतली ते तिथंच कळतं. हे करताना फेराइट रॉड आडवा धरून हळूहळू फिरवा. रॉडचं टोक ज्या दिशेला रोखलं जातं तिकडून त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. गोंगाट जिथं सर्वांत कमी होईल तिथं रॉडची दोन टोकं बघा. चोर त्या रेषेवर कुठंतरी आहे.

मेन पाडूनही आवाज तसाच असेल तर तो बाहेरचा. शेतावर राहणाऱ्यांनी सोलर पंपाकडं बघावं. त्याचा कंट्रोलर दिवसभर शॉर्टवेव्हवर करवत चालवतो आणि ऊन उतरलं की आपोआप थांबतो. उन्हाळ्यात जोरात आणि पाऊस पडून गेल्यावर गायब होणारी तडतड असेल तर बहुधा खांबावरचं ढिलं जोडकाम नाहीतर इन्सुलेटर.

घरात काहीच उमगेना तर मॉड्यूल खिशात घाला आणि गावाबाहेर जा. आम्ही मिरजेच्या पलीकडं दंडोबाच्या डोंगरावर जातो. टेबलावर महिनाभर मुकं असलेलं मॉड्यूल तिथं दगडावर ठेवल्या ठेवल्या बोलायला लागलेलं मी पाहिलंय. संध्याकाळी तिथं १० मेगाहर्ट्झ लावा. चीनच्या बीपीएम या वेळ-केंद्राची टिकटिक लागली, तर तुमचा रिसीव्हर शॉर्टवेव्हवर ठणठणीत आहे. ते केंद्र ५ आणि १५ वरही असतं.

चौथी, मीटर घ्या: चिपच्या पायावर किती व्होल्ट

इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मा घोळ इथंच असतो.

मागच्या पावसाळ्यात इस्लामपूरहून एक पोरगा एसटीनं आला. चपलेच्या डब्यात मॉड्यूल, आणि बरोबर कागदात गुंडाळलेल्या दोन काढलेल्या चिपा. तिसरी बसवलेली. तक्रार अशी की घरी यूएसबीवर चालतं, कॉलेजात दाखवायला नेलं की बंद. बॅटरी म्हणून एक १८६५० चा लिथियम सेल, पुढं एएमएस १११७ चा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. मी मीटरची टोकं चिपच्या पायांवर ठेवली. ३.० व्होल्ट. "आता आवाज वाढव." त्यानं पॉट फिरवला आणि काटा... म्हणजे आकडा, जुनी सवय... २.५ वर आला, रेडिओ फट् करून गेला, डिस्प्लेवर फ्रिक्वेन्सी तशीच.

हिशोब साधा आहे. एएमएस १११७ ला आत यायला बाहेरच्यापेक्षा सुमारे १.१ ते १.३ व्होल्ट जास्त लागतात. ३.३ बाहेर हवेत तर आत साडेचारच्या आसपास पाहिजेत. यूएसबीचे ५ आहेत तोवर सगळं गोडीगुलाबीनं चालतं. लिथियमचा सेल भरलेला असतानाच ४.२ असतो आणि नंतर बराच काळ ३.७ वर रेंगाळतो. म्हणजे रेग्युलेटरच्या बाहेर २.६. या चिपला किमान २.७ लागतात. ती काठावर उभी असते आणि अ‍ॅम्प्लिफायरनं जरा करंट ओढला की पडते. बिचाऱ्यानं दोन चांगल्या चिपा काढून टाकल्या होत्या.

उपाय काही रुपयांचा. एचटी ७३३३ सारखा कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे आत-बाहेर थोडाच फरक लागणारा, रेग्युलेटर लावा. सेलपेक्षा थोडंसंच कमी व्होल्टेज तो देतो आणि स्वतः काही मायक्रोअँपिअरच खातो. मात्र त्याची ताकद २५० मिलीअँपिअरची. ईएसपी ३२ चं वायफाय चालू असेल तर त्याचे झटके त्याला झेपत नाहीत. तसंही रेडिओ ऐकताना वायफायचं काम काय? बंदच ठेवा, गोंगाटही कमी होतो. रेग्युलेटरच्या पुढं १०० मायक्रोफॅरॅडचा आणि चिपच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. पायाशी म्हणजे पायाशी, दोन इंच लांब नाही.

मोजताना सेलवर मोजू नका, रेग्युलेटरवरही नाही. चिपच्या पायावर, आणि आवाज चढवलेला असताना. ब्रेडबोर्डची स्प्रिंग ढिली असेल तर वाटेतच पाव व्होल्ट गळतो.

अ‍ॅम्प्लिफायरही इथंच बघून घ्या. चिपचा आवाज बाहेर येतो तो अगदी बारीक, हेडफोन थेट लावून चालत नाही, आणि मध्ये कपॅसिटर पाहिजेच, कारण त्या पायावर डीसी व्होल्टेज असतं. पीएएम ८४०३ स्वस्त आणि जोरदार आहे, पण तो क्लास डी, म्हणजे स्वतःच स्विचिंग करणारा. फेराइट रॉडशेजारी त्याच्या स्पीकरच्या वायरी गेल्या की मीडियम वेव्ह संपली. मी टीडीए २८२२ एम वापरतो. १.८ व्होल्टपासून चालतो, गुपचूप काम करतो, आणि जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये आयता सापडतो.

पाचवी: डिस्प्ले गप्प करून बघा

ओलेडच्या पोटात व्होल्टेज वाढवणारा पंप असतो आणि त्याला जाणारा डेटा चिपच्याच दोन तारांवरून (आय-टू-सी) जातो. प्रोग्रॅम सेकंदाला वीस वेळा पडदा रंगवत असेल तर तितक्या वेळा टकटक ऐकू येणार. डिस्प्ले बंद करायचा हुकूम देऊन दहा सेकंद ऐका. फरक पडला तर पडदा फक्त आकडा बदलल्यावरच रंगवा, आय-टू-सीचा वेग १०० किलोहर्ट्झच्या वर नेऊ नका, आणि डिस्प्लेला रॉडपासून वीतभर लांब बसवा.

सहावी: 'रिसीव्हर सापडला नाही'

आय-टू-सी स्कॅनर, म्हणजे त्या दोन तारांवर कोण कोण हजर आहे ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम, चालवा. ओलेड साधारण हेक्स ३सी या पत्त्यावर दिसतो. रेडिओ चिप सेन नावाचा पाय जमिनीला असेल तर हेक्स ११ वर, ३.३ ला असेल तर ६३ वर. सेन लोंबकळत ठेवला असेल तर आज इथं, उद्या तिथं. दोन्ही पत्त्यांवर नाही? मग रीसेटची वायर प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या पिनवरच आहे का बघा. रीसेट खाली राहिला तर चिप झोपलेलीच राहते.

५ व्होल्टचा ऊनो कंट्रोलर बोर्ड थेट जोडला असेल तर मात्र वाईट बातमी असू शकते. चिपच्या संपर्काच्या पायांना ३.६ च्या वर सोसत नाही. ३.३ व्होल्टचा प्रो मिनी घ्या नाहीतर मध्ये लेव्हल शिफ्टर घाला.

चिप सापडते पण पहिल्याच ट्यूनिंगला अडकते, रीसेट दोनदा दाबला की चालते? क्रिस्टलला जाग यायला वेळ लागतोय. पॉवर अप केल्यावर पहिल्या ट्यूनिंगआधी ५०० मिलीसेकंद थांबायची ओळ घाला.

एसएसबीची गोष्ट वेगळी. ती सोय चिपमध्ये कायमची नसते. दर वेळी वीज आल्यावर पॅच (प्रोग्रॅमचा जादा तुकडा) चढवावा लागतो आणि वीज गेली की तो पुसतो. पुरवठा क्षणभर जरी दचकला तरी पॅच गळतो आणि रेडिओ मुका होतो, म्हणजे पुन्हा चौथी तपासणी. शिवाय हा पॅच ४७३५ च्या डी ६० आणि ४७३२ च्या ए १० आवृत्तीलाच चालतो. चिपची माहिती विचारणारा हुकूम देऊन आवृत्ती वाचा. बाहेर छापलेल्या अक्षरांवर विसंबू नका.

सातवी: सोल्डरिंग गरम करा

एफएम येतं आणि मीडियम वेव्ह नाही, तर रॉडवरची कॉइल. जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढलेली ती तार एकेरी नसते. केसासारख्या पाच-सात पदरांची असते आणि प्रत्येक पदरावर स्वतंत्र इनॅमल. भिंगाखाली धरा. वरून टाका चकचकीत दिसतो, पण आत दोनच पदरांनी कथील धरलेलं असतं, बाकीचे काळे, सुटे. टोकाला कथलाचा गरम थेंब धरून तार त्यात बुडवायची, सगळे पदर चंदेरी होईपर्यंत. चिमट्यानं खरवडायला गेलात तर पदर तुटतात. कॉइलचं मूल्य १८० ते ४५० मायक्रोहेन्रीच्या आत हवं. त्या बाहेर गेलं की चिपच्या आतला कपॅसिटर तिला जुळवून घेऊ शकत नाही. शॉर्टवेव्हला मात्र तो कपॅसिटर प्रोग्रॅममधून १ वर ठेवायचा.

वायरींची अदलाबदलही बघा. एफएमची तार ७५ सेंटीमीटरची, एफएमच्या पायावर. शॉर्टवेव्हची लांब तार कपॅसिटरमधून एएमच्या पायावर. उलट जोडून आणलेली तीन मॉड्यूलं मला एकाच आठवड्यात मिळाली होती.

आषाढ-श्रावणात आमच्याकडं आणखी एक दुखणं येतं. मार्चमध्ये बांधलेलं मॉड्यूल जुलैत बहिरं होतं. झिरो बोर्डवर राहिलेला फ्लक्स दमट हवेत पाणी धरतो आणि क्रिस्टलच्या, एएमच्या पायांवरून बारीक गळती सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. घासा, हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं वाळवा. क्रिस्टलचे दोन्ही २२ पिकोफॅरॅड कपॅसिटर पण हलवून बघा. इतकं करूनही सिग्नलचा आकडा शून्यावरून हलत नसेल, पुरवठा ठीक असेल, पत्ता सापडत नसेल, तरच चिप बदलायचा विचार.

इथं हात थांबवा

४७३२ चे पाय सुट्टे-सुट्टे असतात, बेताच्या हातानं निघते. पण पाय पोटाखाली असलेली चौकोनी चिप असेल तर साध्या सोल्डरिंग आयर्ननं तिच्यामागं लागू नका. हॉट एअर असलेल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडं द्या. तुम्ही बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या उपटून नेल्यात तर त्यालाही काही करता येणार नाही.

सेल फुगलाय, गरम होतोय, तर तपासणी संपली. चार्जिंगवरून काढा, घराबाहेर ठेवा, पुन्हा वापरू नका.

गुन्हेगार चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर किंवा इन्व्हर्टर निघाला तर तो उघडून फिल्टर बसवायच्या फंदात पडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चावतो. बदलून टाका, नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलवा. खांबावरच्या तडतडीचंही तसंच: वीज कंपनीला खांबाचा नंबर सांगायचा, काठी घेऊन खाली उभं राहायचं नाही.

गच्चीवर लांब तार टाकली असेल तर वळवाच्या दिवसांत ढग काळे व्हायच्या आत ती मॉड्यूलमधून काढून बाहेर ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका, गेलं मॉड्यूल तर जाऊ द्या.

आणि हे सगळं ऐकण्याबद्दल आहे. 'आता यालाच ट्रान्समीटर करता येईल का' हा प्रश्न हमखास येतो. परवान्याशिवाय नाही, लहान ताकदीचा म्हणूनही नाही. हौस असेल तर हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा द्या, मग खुशाल बोला.

२०१९ च्या पुरात बुडालेली काही मॉड्यूलं अजून लोक घेऊन येतात. चिपखाली गाळ बसून पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतात. ती मी दुरुस्त करत नाही. रॉड, स्पीकर आणि एन्कोडर काढून देतो, बाकी नवीन बांधा.